थ्री-नॉट-थ्रीचं लाकूड आणि इशापूरचा स्क्रू
पोलिसांच्या हातातली थ्री-नॉट-थ्री आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिची नळी जवळजवळ टोकापर्यंत लाकडात झाकलेली. वरच्या लाकडाला हँडगार्ड म्हणतात. त्याचा मागचा तुकडा नुसत्या स्प्रिंगच्या चिमट्यावर बसतो. खरं काम खालच्या लाकडाचं. गोळी सुटली की रिसीव्हर मागे धक्का मारतो, आणि तो धक्का लाकडात कोरलेल्या दोन लहानशा खांद्यांवर येतो. लाकूड आटलं, तिथे फट पडली, की नेम गेलाच! ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्याचं कोचवूड मऊ, म्हणून त्यांनी त्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. बंगालमधल्या इशापूरने बळकटीसाठी लाकडातून आडवा स्क्रूच घातला.

१९६२ च्या युद्धानंतर इशापूरने ७.६२ मिमीची '२ए' काढली. ती जुन्या ३०३ ची नळी बदलून केली, असं अजूनही ऐकायला मिळतं. ते चूक आहे. रिसीव्हर नवे होते, जास्त बळकट पोलादाचे. घडण तेवढी जुनी ठेवली. त्यामुळे लाकूडही पूर्वीच्याच पद्धतीचं चाललं, स्क्रूसकट. (सुतारकामाचे साचे बदलावे न लागणं म्हणजे काय, ते कारखान्यात काम केलेल्यालाच कळतं.) मॅगझिन मात्र नव्या काडतुसासाठी चौकोनी झालं, आणि त्यावरून ही रायफल लांबूनही ओळखता येते.