खडकी युद्ध दफनभूमी

पुणे शहराच्या उत्तरेस, खडकी छावणीच्या परिसरात मुळा रस्त्यावर असलेली सैनिकी दफनभूमी. होळकर पूल आणि मुळा नदीचे पात्र येथून जवळ आहे. स्थानिक लोक तिला ‘वॉर सिमेट्री’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ राष्ट्रकुल सैनिकांची थडगी येथे आहेत. पुणे जिल्ह्यात ब्रिटिश अमदानीतील दफनभूम्या अनेक असल्या, तरी संपूर्ण आराखडा आधी ठरवून बागेच्या रूपात घडवलेली दफनभूमी म्हणून खडकीचे महत्त्व वेगळे आहे.

पार्श्वभूमी : ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात छावणी पडली की तिच्या कडेला दफनभूमी तयार होई. शिरूर (घोडनदी) हे त्याचे ठळक उदाहरण. हे तालुक्याचे ठाणे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोठे लष्करी केंद्र होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली कंपनीची तुकडी शिरूरहूनच निघाली होती. १८०९ मध्ये मृत्यू पावलेल्या कर्नल वॉलेस या अधिकाऱ्याची कबर शिरूरला आहे. आसपासच्या गावांतील लोक त्याला ‘सत्पुरुष’ मानत व सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य तेथे ठेवत, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरात आढळते. त्या काळातील दफनभूम्यांत मृताचा हुद्दा आणि घरची ऐपत थडग्यावरून कळे. अधिकाऱ्यांसाठी चौथरे, स्तंभ व घुमट्या उभारल्या जात. साध्या शिपायाच्या वाट्याला मातीचा उंचवटा येई आणि दोन-चार पावसाळ्यांत तो जमिनीत मिसळून जाई.

या पद्धतीला पहिल्या महायुद्धाने छेद दिला. २१ मे १९१७ रोजी फेबियन वेअर यांच्या पुढाकाराने ‘इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन’ स्थापन झाले. १९६० पासून ते ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’ या नावाने ओळखले जाते. फ्रेडरिक केन्यन यांच्या १९१८ च्या अहवालाने आयोगाची तत्त्वे पक्की केली. प्रत्येक मृताचे नाव थडग्यावर किंवा स्मारकावर कोरले जावे, दगड कायमस्वरूपी व एकसारखे असावेत, हुद्दा, वंश वा धर्म यांवरून भेद होऊ नये, ही त्यांतील मुख्य होत. पार्थिव मायदेशी न नेण्याचे धोरणही तेव्हाच स्थिर झाले. ब्रिटनमधील अनेक कुटुंबांनी त्याला आणि एकसारख्या दगडांना विरोध केला. १९२० मध्ये ब्रिटिश संसदेत त्यावर चर्चा झाली. आयोगाची भूमिका कायम राहिली.

स्थापना : दुसऱ्या महायुद्धात पश्चिम व मध्य भारतात प्रत्यक्ष आघाडी नव्हती, परंतु छावण्या, प्रशिक्षण केंद्रे व लष्करी रुग्णालये येथे मोठ्या संख्येने होती. त्यांत मृत्यू पावलेल्यांची थडगी ठिकठिकाणच्या नागरी व छावणी दफनभूम्यांत विखुरलेली होती. त्यांची कायम देखभाल शक्य नसल्याने ती एकत्र आणण्यासाठी खडकीची निवड झाली.

रचना : मोकळ्या हिरवळीवर थडग्यांच्या सरळ, समांतर ओळी आणि त्यांना जोडणाऱ्या मार्गिका हा आराखड्याचा कणा आहे. सर्व ओळींवरून नजर ‘क्रॉस ऑफ सॅक्रिफाइस’ या उंच दगडी क्रुसाकडे जाते. रेजिनल्ड ब्लूमफील्ड यांनी रचलेल्या या क्रुसावर पाते खाली केलेली कांस्याची तलवार बसवलेली असते.

आयोगाच्या ठरीव मापानुसार शिरोशिला सुमारे ८१ सेंमी. उंच, ३८ सेंमी. रुंद व साडेसात सेंमी. जाड असते. पाणी साचू नये म्हणून माथ्याला किंचित गोलाई दिलेली असते. वरच्या भागात पलटणीचे चिन्ह, त्याखाली क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूचा दिनांक व वय, मग धर्मचिन्ह आणि तळाशी कुटुंबाने निवडलेल्या चार शब्दांसाठी जागा, असा क्रम असतो. हिंदू सैनिकांच्या शिळेवर देवनागरी अक्षरे कोरण्याची आयोगाची पद्धत आहे. मेजरचा दगड आणि शिपायाचा दगड एकाच मापाचा असतो. फरक समजायचा तर अक्षरे वाचावी लागतात. समतेचे तत्त्व येथे मोजमापातून साकार झालेले दिसते.

स्मारके : आवारातील १९१४–१८ स्मारकावर पहिल्या महायुद्धात भारतात मृत्यू पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे आहेत. भारत व पाकिस्तानातील ज्या दफनभूम्यांत त्यांची थडगी होती, तेथे देखभाल शक्य राहिली नव्हती. यांपैकी ६२९ जणांचे अवशेष मार्च १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून खडकीस आणून पुरण्यात आले. शिवडीची ती दफनभूमी १८६० च्या दशकात कृषी-उद्यानविद्या संस्थेच्या जुन्या बागेच्या जागी सुरू झाली होती. भारतात मृत्यू पावलेल्या सुमारे दोनशे पूर्व व पश्चिम आफ्रिकी सैनिकांचे वेगळे स्मारकही खडकीत आहे.

लागवड व देखभाल : आयोगाच्या लागवडीच्या पद्धतीवर क्यू उद्यानाचे आर्थर हिल व उद्यानकार गर्ट्रूड जेकिल यांचा प्रभाव आहे. शिळांच्या पायथ्याशी अरुंद वाफे ठेवून त्यांत बुटकी फुलझाडे लावतात. त्यामुळे पावसात मातीचे शिंतोडे उडून अक्षरे मळत नाहीत आणि थडग्यांची ओळ फुलांच्या ताटव्यासारखी सलग दिसते. इंग्लंडच्या रिमझिम पावसासाठी बसवलेली ही पद्धत दख्खनात चालवणे कष्टाचे काम आहे. पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. पावसाळ्यात गवत सतत कापावे लागते, उन्हाळ्यात ते पाणी देऊन जगवावे लागते. शिळांवर धरलेले शेवाळ वेळेवर न काढल्यास कोरीव अक्षरे बुजू लागतात. आराखडा कितीही उत्तम असला, तरी दफनभूमीचे रूप टिकते ते माळ्यांच्या रोजच्या कामावर.

मर्यादा : समतेचे तत्त्व सर्वत्र सारखे पाळले गेले नाही. पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांची, मुख्यतः आफ्रिका व मध्यपूर्वेतील सैनिक आणि मजुरांची, नावानिशी स्मृती राखली गेली नाही, असे आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात मान्य केले. भारतीय सैनिकांपैकी अनेकांचे दहन झाल्याने त्यांची थडगी नाहीत. त्यांची नावे दिल्लीचे इंडिया गेट (१९३१) व फ्रान्समधील नव्ह शापेल (१९२७) यांसारख्या स्मारकांवर आहेत. महाराष्ट्रात ही स्मृती गावोगावच्या शिलालेखांनी जपली असून साताऱ्याजवळचे अपशिंगे (मिलिटरी) हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे.

प्रवेश विनामूल्य आहे. नोव्हेंबरमध्ये स्मृतिदिनानिमित्त येथे पुष्पचक्रे वाहिली जातात. दफनभूमीची व्यवस्था राष्ट्रकुल युद्ध दफनभूमी आयोगाकडे आहे.