सहा बटणांचा गेम, एका बटणाची जॉयस्टिक

गेल्या शनिवारी काहीच काम नव्हतं (म्हणजे होतं, पण करायचं नव्हतं). एम्युलेटर उघडला आणि झेडएक्स स्पेक्ट्रमवरचा 'स्ट्रीट फायटर २' चालवून पाहिला. र्‍यू दिसतो, केन दिसतो, दोघेही चांगले धिप्पाड. पण बटण दाबलं की हात हलेपर्यंत आपण नक्की दाबलं होतं ना, अशी शंका यायला लागते. पाच मिनिटांत बंद केला आणि मग दोन दिवस त्याच विचारात होतो, की हे असं का झालं असेल?

आधी मूळ मशीन बघू. कॅपकॉमचा हा गेम १९९१ साली आर्केडमध्ये आला. आत १० मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर, चित्रं काढायला खास वेगळ्या चिप्स, आणि प्रत्येक खेळाडूला सहा बटणं. म्हणजे तीन ताकदींचे ठोसे आणि तीन ताकदींच्या लाथा. यूएस गोल्ड या ब्रिटिश कंपनीने घरगुती कॉम्प्युटर्ससाठी त्याचे हक्क घेतले. अमिगाची आवृत्ती १९९२ ला आली, स्पेक्ट्रमची १९९३ ला. स्पेक्ट्रम मुळात १९८२ चा! (आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स कंपनी तो 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून विकत असे.)

आता थोडं गणित. घाबरू नका, गुणाकारच आहे. स्पेक्ट्रमचा झेड-८० चालतो ३.५ मेगाहर्ट्झला. टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० वेळा बदलतं, म्हणजे एका फ्रेमला साधारण ७०,००० सायकल मिळतात. स्क्रीनचं चित्र ६१४४ बाइट्सचं. बाइट्स हलवायची झेड-८० ची नेहमीची सूचना एका बाइटला २१ सायकल खाते. म्हणजे अख्खा स्क्रीन नुसता कॉपी करायला १,२९,०२४ सायकल! जवळजवळ दोन फ्रेम्स गेल्या आणि अजून कोणी कोणाला ठोसाही मारलेला नाही. त्यात ८ बाय ८ पिक्सेलच्या प्रत्येक चौकोनात दोनच रंग चालतात. त्यामुळे र्‍यूचा पाय मागच्या भिंतीवर गेला की भिंतीचा रंग पायाला लागणार.

मग दोष मशीनचा? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण अमिगा ५०० मध्ये तोच ६८००० होता, ७ मेगाहर्ट्झचा, तरी तिथेही मूळ गेमची मजा आली नाही. उलट कॅपकॉमने स्वतः १९९२ मध्ये सुपर निन्टेंडोसाठी केलेली आवृत्ती उत्तम निघाली, आणि त्याचा प्रोसेसर होता जेमतेम ३.५८ मेगाहर्ट्झचा! फरक असा की निन्टेंडोत स्प्राइट हलवायला वेगळी चिप होती, कार्ट्रिजमध्ये १६ मेगाबिट जागा होती आणि कंट्रोलरवर सहा बटणं होती. अमिगात हार्डवेअर स्प्राइट आठच, तेही १६ पिक्सेल रुंद. एवढे आडदांड फायटर मेमरीतच रंगवून काढावे लागत. आणि जॉयस्टिकला बहुतेकांकडे एकच बटण. ठोसा, लाथ आणि त्यांची ताकद हे सगळं त्या एका बटणावर आणि दिशेवर बसवायचं. पण 'हाडोकेन'लाही दिशाच लागतात ना!

आता एक जुना गेम बघा. १९८४ चा आर्केड गेम 'कराटे चॅम्प' प्रत्येक खेळाडूला दोन जॉयस्टिक देत असे. १९८५ मध्ये मेलबर्न हाउसने त्याच धर्तीवर 'द वे ऑफ द एक्स्प्लोडिंग फिस्ट' केला, तो मात्र घरगुती कॉम्प्युटर समोर ठेवूनच. आठ दिशा, बटण दाबून किंवा न दाबता. सोळा शक्यता, त्यातच सगळं बसवलं. फायटर छोटे, मागचं चित्र स्थिर. पण दाबलं की लाथ बसते! तो आजही खेळवतो.

तर मला वाटतं, फायटिंग गेम म्हणजे वेळ साधणं. समोरचा हात उचलतोय हे दिसणं आणि आपण उत्तर देणं, यातला क्षण हाच खरा गेम. स्पेक्ट्रमच्या 'स्ट्रीट फायटर'ने चित्र वाचवलं आणि तो क्षण सोडून दिला. कारणही कळतं. खोक्याच्या मागे फोटो छापता येतो, वेग छापता येत नाही. खाऊचे पैसे साठवून कॅसेट आणणाऱ्या पोराला हे घरी गेल्यावर, टेपवरून पुढची फाइट लोड होण्याची वाट बघताना कळायचं.

प्रोग्रामर्सना मात्र नावं ठेववत नाहीत. त्या काळी अशी रूपांतरं करणाऱ्यांना बऱ्याचदा मूळ सोर्स कोडही मिळत नसे. आर्केड मशीन समोर ठेवायचं, खेळायचं, बघायचं आणि तसंच बनवायचं. डेडलाइन ठरलेली, हार्डवेअर ठरलेलं, आणि छोटे फायटर चालतील का हे विचारायची सोय बहुधा नसावी. "जुन्या सिस्टिममध्ये आहे तस्संच हवं" हे वाक्य मीही मीटिंगमध्ये ऐकलंय आणि मान डोलावलीय. पुढच्या वेळी निदान एवढं तरी विचारीन, की तस्संच म्हणजे नक्की काय?

असो. 'एक्स्प्लोडिंग फिस्ट'मध्ये अजून हरतोच आहे. उद्या सोमवार.