बारी

बारी : महाराष्ट्र राज्याच्या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या वायव्य भागात वसलेले डोंगराळ गाव. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (उंची १,६४६ मी.) या गावाच्या माथ्यावर असून शिखराकडे जाणारी रूढ पायवाट येथूनच निघते. नाशिक जिल्ह्यातील घोटीहून भंडारदऱ्याकडे येणारा रस्ता डोंगररांग ओलांडून गावाजवळून जातो. परिसरात महादेव कोळी व ठाकर या आदिवासी जमातींची वस्ती आहे.

भूवर्णन : कळसूबाईची रांग सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून फुटून पूर्वेकडे जाते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांपासून हे डोंगर घडले असल्याने त्यांचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. कठीण थर उभे राहिले, मऊ थर झिजून त्यांच्या आडव्या पट्ट्या झाल्या. रांगेच्या उत्तर उतारावरील पाणी दारणेला, तर दक्षिणेकडील पाणी प्रवरेला मिळते. पुढे दोन्ही नद्या गोदावरीत जातात. रांगेच्या पश्चिम भागात अलंग, मदन व कुलंग, पूर्वेला पट्टा, तर दक्षिणेला रतनगड व हरिश्चंद्रगड असे किल्ले आहेत. एवढ्या किल्ल्यांच्या मधोमध असूनही या सर्वोच्च माथ्यावर मात्र ना तट आहे ना बुरूज. तेथे आहे ते कळसूबाईचे लहानसे मंदिर.

पाऊसमान व शेती : पावसाळ्यात शिखर दिवसचे दिवस ढगांत असते आणि उतारांवरून असंख्य ओहोळ वाहतात. उन्हाळ्यात मात्र तेच उतार कोरडे पडतात. मुरमाड, उतरत्या जमिनीत भात, नागली, वरई व खुरासणी ही पिके घेतली जातात. पावसापूर्वी पालापाचोळा, शेण व फांद्या पसरून राब भाजायचा, त्यावर रोपे वाढवायची आणि पाऊस स्थिरावला की खाचरांत आवणी करायची, ही या पट्ट्यातील जुनी रीत आहे. रानात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर व करवंद आढळतात. मे महिन्याच्या अखेरीस पाऊस जवळ आला की झाडांवर काजव्यांचे थवे चमकू लागतात. पावसाळा ओसरताना सोनकीने पठारे पिवळी होतात, तर कारवी काही वर्षांच्या खंडाने एकदम फुलते. दक्षिणेकडील डोंगर व दऱ्यांचा मोठा भाग १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो.

आख्यायिका : कळसू ही रानावनात रमणारी कोळ्याची मुलगी होती. हिंडत हिंडत ती डोंगराच्या पायथ्याच्या इंदोर गावी आली आणि एका कोळी कुटुंबात कामाला राहिली. राहतानाच तिने अट घातली, की भांडी घासणार नाही व केर काढणार नाही. इतर कोणतेही काम सांगावे. बरेच दिवस सर्व सुरळीत चालले. एके दिवशी घरातल्या कोणी तरी तिला नेमकी तीच दोन कामे सांगितली. कळसूने ती निमूटपणे केली; मात्र लगेच घर सोडून ती डोंगर चढून गेली आणि अखेरपर्यंत माथ्यावरच राहिली. जिथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि जिथे केर काढला ती काळदरा, असे सांगतात. या कथेत राक्षस नाही, वर नाही की शाप नाही. मोलाने राबणाऱ्या एका मुलीचा शब्द मोडला गेला, एवढाच प्रसंग आहे. डोंगरकपारीतल्या कष्टकरी माणसांनी तिच्या स्वाभिमानाला देवत्व दिले आणि राज्यातले सर्वांत उंच स्थान तिच्या नावे केले, हे या लोकदैवताचे खरे वेगळेपण होय.

उपासना व पर्यटन : नवरात्रात शिखरावर यात्रा भरते. आसपासच्या वाड्या-वस्त्यांतील लोक, विशेषतः स्त्रिया, देवीची ओटी भरण्यासाठी चढून येतात. ज्यांना चढण झेपत नाही ते पायथ्याच्या मंदिरात दर्शन घेतात. उभ्या कड्यांच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविल्याने वाट पूर्वीपेक्षा सुकर झाली आहे. माथ्याच्या अलीकडे एक विहीर लागते. निरभ्र दिवशी माथ्यावरून भंडारदऱ्याचा जलाशय आणि चोहोबाजूंचे किल्ले दिसतात. आता भाविकांबरोबर गिर्यारोहकही मोठ्या संख्येने येतात. त्यांना जेवण, मुक्काम व वाटाड्या पुरवून गावातील अनेक घरांना पूरक उत्पन्न मिळते. सुट्टीच्या दिवसांतील गर्दीमुळे वाटेवर प्लॅस्टिकचा कचरा साचू लागला आहे. केर काढायला लावला म्हणून घर सोडलेल्या मुलीचा हा डोंगर आहे. आपला कचरा आपणच खाली नेणे, एवढा मान येणाऱ्या प्रत्येकाने तिला दिलाच पाहिजे.