चढावरचें गुऱ्हाळ

पाणी खालीं धांवतें हें सांगावयास शास्त्रज्ञाची जरूर नाहीं. पण तें वर चढवावयाचें म्हणजे काय संकट असतें, हें कळण्यास एकदां तरी खांद्यावर कावड घेतलेली असावी, नाहीं तर एखाद्या धंद्याचा इतिहास तरी वाचावा. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागांतील मेपल-साखरेचा धंदा या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. साखरेचा इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें ऊंस, चरक आणि बाजारभाव उभे राहतात. मेपलच्या साखरेचा इतिहास मात्र मला बहुतांशीं पाणी वाहण्याचा इतिहास वाटतो.

क्वेबेक, व्हरमाँट, न्यूयॉर्क या प्रदेशांत हिवाळा सरतां सरतां चारसहा आठवडे असे येतात कीं, रात्रीं पाणी गोठतें आणि दिवसा वितळतें. त्याच दिवसांत शर्करा-मेपलच्या खोडाला छिद्र पाडलें असतां रस गळूं लागतो. रात्रीं थंडीनें खोडाच्या तंतूंतील वायु आकसतो, बर्फ जमूं लागतें, आणि मुळांकडून पाणी वर ओढलें जातें. दिवसा तोच वायु प्रसरण पावून रसाला बाहेर ढकलतो. म्हणजे या धंद्यांतील पहिला पंप झाडच होय, आणि त्याला कोळसाहि लागत नाहीं, वीजहि लागत नाहीं. परंतु त्या रसांत साखर असते शेंकडा दोनच्या आसपास. बाकी सगळें पाणी. एक लिटर काकवीसाठीं सुमारें ४० लिटर रस आटवावा लागतो, आणि ऊन पडूं लागलें कीं तो नासतो, म्हणून आटवावयाचा तोहि विलंब न लावतां.

अबेनाकी, आनिशिनाबे वगैरे मूळच्या रहिवाशांनीं या अडचणीवर जो उपाय काढला होता तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. रस घराकडे नेण्याऐवजीं ते घरच रसाकडे नेत. वसंताच्या आरंभीं कुटुंबेंच्या कुटुंबें मेपलच्या राईंत जाऊन राहत, भूर्जाच्या सालीच्या भांड्यांत रस धरीत आणि तेथल्या तेथें साखर करीत. पुढें गोरे शेतकरी आले. त्यांनींहि प्रथम रानांतच कढया टांगल्या. पण एकोणिसाव्या शतकांत पसरट कढया, विटांची चूल आणि धुराडें असा सरंजाम वाढला, तेव्हां त्यावर छप्पर आलें आणि साखरेचें घर एका जागीं रुजलें. तिकडे त्याला शुगरहाउस म्हणतात. आपण गुऱ्हाळ म्हणूं. गुऱ्हाळ रुजलें आणि रस चालूं लागला.

या वाहतुकीचें ओझें किती होतें हें एका फसलेल्या मोठ्या आशेवरून दिसतें. इ. स. १७९१ मध्यें फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनीं टॉमस जेफर्सन यांना उद्देशून मेपलवर एक विस्तृत पत्र लिहिलें. वेस्ट इंडीजची उंसाची साखर गुलामांच्या कष्टांवर पिकते, मेपलची साखर शेतकऱ्याचें कुटुंब स्वतःच्या हातांनीं करूं शकतें. तेव्हां हिनें तिला बाजारांतून हुसकून लावावें, असा त्याचा आशय. न्यूयॉर्क प्रांतांत विल्यम कूपर यांनीं ऑट्सेगो सरोवराच्या परिसरांत याच आशेवर मोठा व्याप मांडला. जेफर्सन यांनीं माँटिसेलो येथील आपल्या मळ्यासाठीं साठ रोपें मागविलीं. तो मळा गुलामांच्याच श्रमांवर चालत होता, आणि खुद्द रश यांच्या घरींहि एक गुलाम होता. हें बाजूस ठेवून त्या पत्राची निर्भेळ स्तुति करणें मला जमत नाहीं. तथापि आशा हलकी नव्हती. ती फसली एवढें खरें. कूपर यांचा उद्योग बुडाला, जेफर्सन यांचीं बहुतेक रोपें जगलीं नाहींत. कारणें अनेक होतीं. माझ्या मतें एक असें कीं, ऊंस तोडून गाडींत घालतां येतो आणि चरकापाशीं आणून त्याचा गोड रस काढतां येतो. येथें रस झाडाझाडापाशीं आधींच निघून बसलेला, त्यांत अठ्ठ्याण्णव भाग पाणी, आणि तें गुडघाभर बर्फांतून घरीं आणावयाचें. नीतीच्या बळावर माणूस पुष्कळ कांहीं उचलतो, पण प्रत्येक वसंतांत इतकें पाणी उचलीत नाहीं.

जे उचलीत त्यांची साधनें म्हणजे खांद्यावरची कावड आणि बैल किंवा घोडे जोडलेली बिनचाकी बर्फगाडी. म्हणून शहाणा शेतकरी गुऱ्हाळ उताराच्या पायथ्याशीं बांधी. परंतु सगळ्यांची जमीन इतकी आज्ञाधारक नसते. गुऱ्हाळाला रस्ता हवा, सरपण उतरविण्यास जागा हवी, गिऱ्हाइकाला येतां आलें पाहिजे. आणि रस्ता गेलेला असे माथ्यावरून, रान पसरलेलें त्याच्या खालच्या अंगास. तेथें बैलांना भरलें पिंप घेऊन चढावें लागे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत न्यूयॉर्क प्रांतांतील मेफील्ड येथील ब्रॉवर यांनीं तारेवर टांगलेल्या पत्र्याच्या नळ्यांची योजना काढली. १९५० नंतरच्या दशकांत ग्रिग्ज, ब्रीन आणि लँब या तिघांनीं प्लॅस्टिकच्या नळ्या प्रचारांत आणल्या, तेव्हां झाडाला टांगलेल्या बादल्यांचें राज्य हलूं लागलें. पण नळी झाली तरी ती उताराचीच दासी. चढासाठीं दुसरें कांहीं हवें होतें.

पाणी वर नेण्याचे मार्ग दोन: वरून ओढणें किंवा खालून ढकलणें. ओढण्याला निसर्गानें मर्यादा घातली आहे. शोषक पंपानें पाणी सुमारें ३४ फुटांच्या वर येत नाहीं, या गोष्टीची नोंद गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथांत आहे, आणि हवेच्या वजनाचा प्रयोग त्यानंतर पांचसहा वर्षांत टॉरिचेलीनें केला. आम्हांस कॉलेजांत ही गोष्ट परीक्षेपुरती शिकविली गेली. ती व्हरमाँटच्या शेतकऱ्याला दरसाल भोगावी लागते हें फार उशिरां कळलें. गोठ्यांत दूध काढण्याच्या यंत्राला जो निर्वात-पंप लागतो तोच त्यानें नळ्यांना जोडला. नळींतील हवा काढून घेतली कीं झाडांतून रस अधिक येतो, कधीं कधीं दुपटीपर्यंत. या ओढीच्या जोरावर थोडा चढहि चढतां येतो: खालच्या नळींतून वरच्या नळीकडे बारीक नळ्यांची एक शिडी उभी करतात, आणि हवेच्या बुडबुड्यांसह रस तींतून वर सरकतो. मात्र चढलेल्या प्रत्येक फुटाची किंमत झाडापाशीं मोजावी लागते, कारण चढण्यांत खर्च झालेली ओढ झाडाला मिळत नाहीं. गंमत अशी कीं, हेंच ३४ फुटांचें गणित उतारावर वरदान ठरतें. सुमारें पांच मिलिमीटर पोकळीच्या नळींतून रस खालीं घसरूं लागला कीं त्याच्या वजनानेंच वरच्या झाडांना ओढ बसते, पंपाशिवाय.

मोठ्या चढासाठीं मात्र ढकलणेंच खरें. रानाच्या तळाशीं टांकी, तिच्यापाशीं विजेचा किंवा पेट्रोलचा पंप, टांकी भरली कीं तरंगता गोळा कळ दाबतो, आणि रस नळांतून माथ्याकडे निघतो. येथें हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक लिटर काकवीचा ४० लिटर रस ३० मीटर उंच नेण्यास जेवढी शक्ति लागते, तिच्या सात हजारांहून अधिक पट त्यांतील पाण्याची वाफ करण्यास लागते. पदार्थविज्ञानाच्या वहींत चढ म्हणजे जवळजवळ शून्य! परंतु चूल लाकूड खात होती आणि चढ माणसें व बैल खात होता, म्हणून दोन्ही खर्च एका वहींत मांडतां येत नाहींत. १९७० नंतरच्या दशकांत रसांतील बरेंचसें पाणी पडद्यांतून दाबानें गाळून वेगळें करण्याची युक्ति आली, तेव्हां चुलीचीहि भूक कमी झाली.

चढाचा नळ मात्र अजून डोळ्यांत तेल घालून सांभाळावा लागतो. दिवसभर त्यांतून रस चढतो. सूर्य मावळला आणि थंडी उतरली कीं आंत राहिलेला रस गोठून नळ फोडील. म्हणून पंप थांबतांच नळांतला रस पुन्हां उताराला सोडून द्यावा लागतो, आणि तो आल्या वाटेनें रानाच्या तळाशीं, आपल्या टांकींत जाऊन सकाळची वाट पाहत बसतो.