मर्सासिडिन

मुंबईतील मुलुंडच्या मिठागराच्या मातीतून मिळालेल्या बॅसिलस जिवाणूने तयार केलेले प्रतिजैविक. वर्ग : लँटिबायोटिक (गंधकाचे दुवे असलेली पेप्टाइड प्रतिजैविके). मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस (एमआरएसए) या जिवाणूवर ते परिणामकारक आहे.

शोध : हेक्स्ट इंडिया कंपनीच्या मुलुंड येथील संशोधन केंद्रात. माहिती १९९२ साली ‘जर्नल ऑफ अँटिबायोटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाली. माईनमूळ या वनस्पतीतील फॉरस्कोलिन आणि बालहिमायसिन हे प्रतिजैविक ही याच केंद्राची इतर कामे.

अधिवास : मिठागरात भरतीचे खाडीचे पाणी उथळ वाफ्यांत कोंडून उन्हावर आटवतात. मे महिन्यात ज्या जमिनीवर मिठाचा थर असतो, तीच जमीन जूनच्या पावसात गोड्या पाण्याखाली जाते. बॅसिलस असा प्रतिकूल काळ बीजाणूच्या रूपात काढतो. या वाणाची गणना पुढे बॅ. अमायलोलिक्विफेशियन्समध्ये झाली. हा गट शेतजमिनीतही आढळतो, त्यामुळे त्याला सागरी जिवाणू म्हणावे का, याविषयी मतभेद संभवतो.

रचना : २० ॲमिनो अम्लांची साखळी. गंधकाच्या दुव्यांमुळे तिच्यात चार कडी तयार होतात. रेणुभार सुमारे १,८२५. जिवाणू प्रथम ६८ अम्लांची लांब साखळी बनवतो व अखेरीस तिचा ४८ अम्लांचा पुढचा भाग तोडून टाकतो.

क्रिया : पेशीभित्ती बांधण्यासाठी लागणारा घटक लिपिड-२ या रेणूवरून पटलाबाहेर येतो. मर्सासिडिन लिपिड-२ला धरून ठेवते आणि भित्तीचे बांधकाम थांबते. बॉन विद्यापीठातील संशोधकांनी १९९०च्या दशकात ही क्रिया उलगडली. वॅन्कोमायसिन हे प्रतिजैविकही लिपिड-२लाच चिकटते, पण त्याच्या पेप्टाइड शेपटाच्या टोकाला. हे टोक बदलून काही एंटरोकॉकाय जिवाणू वॅन्कोमायसिनरोधी झाले आहेत. मर्सासिडिनची पकड शर्करा व फॉस्फेटच्या भागावर असल्याने या बदलाचा तिला अडसर होत नाही. या प्रतिजैविकाचे खरे मोल येथे आहे. कॅल्शियममुळे परिणाम वाढतो. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंवर मात्र ते निरुपयोगी ठरते, कारण त्यांचे बाह्यपटल ते ओलांडू शकत नाही.

प्राण्यांवरील प्रयोग : उंदरांच्या नाकातील एमआरएसए ते नाहीसे करते, असे २००४ साली दाखवण्यात आले.

पुढील काम : मुलुंडचे संशोधन केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामल कंपनीकडे आले. पिरामल आणि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांच्या सहकार्यातून पाल्कच्या उपसागरातील स्पंजात राहणाऱ्या कोक्युरिया जिवाणूपासून ‘पीएम १८११०४’ हे दुसरे पेप्टाइड प्रतिजैविक मिळाले. तेही एमआरएसएवर परिणामकारक आहे.

उपचारातील स्थान : मर्सासिडिन माणसांवरील उपचारासाठी उपलब्ध नाही. एमआरएसएच्या गंभीर संसर्गावर डॉक्टरांची भिस्त वॅन्कोमायसिन, लिनेझोलिड अशा मोजक्या औषधांवरच असते.

मिठागरांची सद्यःस्थिती : मुलुंड, भांडुप व कांजूर येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासाच्या घरांसाठी राज्याला देण्यास केंद्राने २०२४ मध्ये मान्यता दिली. तेथे बांधकाम सुरू होण्यापूर्वी मातीतील जिवाणूंचे नमुने गोळा करून राष्ट्रीय संग्रहात जतन करणे अगत्याचे आहे.