'नामा म्हणे' आणि नकलेचा इतिहास

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते. काही अभ्यासक हा मान पंढरपूरला देतात. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. (हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्यामुळे जुन्या पुस्तकांत नर्सी परभणी जिल्ह्यात आढळते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.) जवळच औंढा नागनाथ आहे. नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश तेथेच झाला, असे परंपरा सांगते. आमचा विषय मात्र नामदेवांचे चरित्र नसून त्यांच्या शब्दांची नक्कल हा आहे. आजचा विद्यार्थी गाथा पोथीतून वाचत नाही, क्वचितच छापील पुस्तकातून वाचतो. बहुधा ती त्याला संगणकातील फाइल म्हणूनच भेटते, आणि ती फाइल कोणा एका प्रोग्रामने दुसऱ्या फाइलवरून उतरवलेली असते. पोथीची नक्कल आणि फाइलची नक्कल यांत जो फरक आहे, त्याचा पाठचिकित्सेशी थेट संबंध आहे, असे आम्हांस वाटते.

नामदेवांच्या हयातीतले एकही हस्तलिखित आज उपलब्ध नाही. अभंग टिकले ते गळ्यांत, आणि पुढे कीर्तनकारांच्या बाडांत. बाड ही आखूड बाजूने शिवलेली, हाताशी ठेवण्याची वही. कीर्तनकार तिच्यात आपल्याला लागणारे तेवढे उतरवून घेई, नको ते गाळी, आठवणीतले घाली. त्याच्यापुढे 'मूळ प्रत' नव्हती, उद्याचे कीर्तन होते. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा हा दुसरा कवी झाला आणि दोघांच्या रचना एकाच नाममुद्रेखाली मिसळल्या. १९७० साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या गाथेत दोन हजारांहून अधिक अभंग आहेत. त्यांतले कोणते कोणाचे, हे सांगणे पुष्कळदा अशक्यच आहे.

उलट, पंजाबात पोहोचलेल्या नामदेवांची संख्या ठाम आहे. गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला. भाई गुरदास हे त्याचे लेखक. आजच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. ती वाढली नाहीत याचे एक कारण श्रद्धा हे आहेच. पण दुसरे कारण निव्वळ लेखनव्यवहाराचे आहे. त्या ग्रंथात पदांच्या शेवटी क्रमांक आणि एकूण बेरजा दिलेल्या असतात. मध्येच कोणी एक पद घुसवले तर बेरीज चुकते. वारकऱ्यांकडे असा पहारा ज्ञानेश्वरीच्या वाट्याला आला. एकनाथांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये तिची प्रत शुद्ध केली, आणि यात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, अशा अर्थाचा इशारा शेवटी जोडला. बेरीज आणि इशारा, यांपैकी बेरीज अधिक कामाची, असे आमचे मत आहे.

आता फाइलकडे वळू. १९७२च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी 'सी' ही भाषा घडवली. या भाषेतला मजकूर माणसाला वाचता येतो. कंपायलर त्याचे यंत्राच्या आज्ञांत एकदाच रूपांतर करतो आणि पुढे यंत्र फक्त त्या आज्ञा पाळते. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८च्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात पहिल्याच प्रकरणात नक्कल करणारा प्रोग्राम आहे. त्याचा आशय एवढाच: एक वर्ण घे, शेवट आला नसेल तर तो लिही, पुढचा घे. कर्निघन आणि प्लॉगर यांनीही १९७६च्या आपल्या पुस्तकात पहिला प्रोग्राम नकलेचाच निवडला होता. लेखनशाळेतल्या नव्या मुलाला जे पहिले काम मिळावे, तेच हे.

या चार ओळींतही एक मार्मिक अडचण आहे. 'शेवट आला' हे कळायचे कसे? फाइलमध्ये कोणताही वर्ण येऊ शकतो, म्हणून शेवटाची खूण कोणत्याही वर्णाहून वेगळी असावी लागते. ती मावावी म्हणून 'सी'त वाचलेला वर्ण वर्णाच्या लहान खणात न ठेवता पूर्णांकाच्या मोठ्या खणात ठेवतात. हे दुर्लक्षिले तर काय होते, याचे उदाहरण विंडोजवर मिळते. तेथे फाइल 'मजकूर' म्हणून उघडली, तर २६ हे मूल्य असलेला बाइट समाप्तीची खूण समजला जातो. एखाद्या चित्राच्या फाइलमध्ये असा बाइट सहज असतो. नक्कल तेथेच थांबते आणि पुढचे चित्र गळते. शिवाय ओळ संपल्याची दोन चिन्हे वाचताना एक होतात. म्हणून जाणते प्रोग्रामर फाइल 'बायनरी' म्हणून उघडतात, म्हणजे यंत्राला बजावतात की यात ओळी आहेत, अक्षरे आहेत असे काही समजू नकोस.

आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे. पोथीलेखक वाचत वाचत लिहितो. जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये, अशी कबुली तो शेवटी नोंदवतो खरी; पण त्याचा हात अर्थ लावत असतो. अपरिचित जुने रूप आले की त्याच्या लेखणीतून ओळखीचे रूप उतरते. प्रोग्राम बरोबर चालतो तो काहीही न वाचल्यामुळेच. एकेक वर्ण घेण्याऐवजी तो समजा ४०९६ बाइटांचा घास घेतो. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते. 'विष्णुदास' या शब्दाची ९ चिन्हे, म्हणजे २७ बाइट. ४०९६ला तिनाने पूर्ण भाग जात नाही, तेव्हा सलग देवनागरीत घासाच्या टोकाशी एखादे चिन्ह चिरले जातेच. पुढचा घास क्रमाने त्यामागे लिहिला की ते पुन्हा सांधते. मध्येच कोणी घासाघासाने मजकूर 'सुधारू' लागला, तर मात्र चिरलेले चिन्ह कायमचे बिघडते.

यंत्राचेही खास प्रमाद आहेतच. लिहायला दिलेल्यापेक्षा कमी बाइट लिहिले जाऊ शकतात, डिस्क भरू शकते. आज्ञेचे उत्तर न तपासणारा प्रोग्राम अर्धी प्रत पूर्ण म्हणून हाती देतो. आणि एक प्रमाद तर पोथीलेखकाला ठाऊकच नव्हता. लिहिण्यासाठी फाइल उघडताच तिच्यातला जुना मजकूर सहसा पुसला जातो. मूळ आणि प्रत या दोन नावांनी चुकून एकच फाइल दिली गेली, तर वाचायला सुरुवात होण्यापूर्वीच मूळ नाहीसे होते. म्हणून युनिक्सची नकलेची आज्ञा दोन्ही एकच नाहीत ना, हे आधी पाहते.

मराठी मजकुराचे नुकसान मात्र याहून निराळ्या मार्गाने झाले. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली इस्की हे मानक ठरले, आणि त्याच वर्षीच्या युनिकोडमध्ये देवनागरी आली; तरी छपाईच्या संगणकांवर पुढेही कितीतरी वर्षे खासगी सांकेतिक रचनांचे फाँट चालले. त्या काळच्या फाइली आज जशाच्या तशा, एकही बाइट न ढळता उतरवता येतात; आणि तो फाँट हाताशी नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा दिसतो. महानुभावांच्या सकळ लिपीतली पोथी किल्लीविना हाती यावी, तसेच हे. युनिकोडमध्येही 'दऱ्या' या शब्दातला अर्धा र एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, साध्या शोधाला वेगळे. प्रत करणारा प्रोग्राम हा भेद इमानाने जपतो, कारण तो त्याला दिसतच नाही.

यावरून पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याने काय ध्यानी घ्यावे? पोथ्यांचे कुळ आपण चुकांवरून लावतो: दोन प्रतींत एकच विचित्र चूक आढळली, तर त्यांचा पूर्वज बहुधा एक. प्रत्येक पोथी थोडी वेगळी असते म्हणूनच ती साक्ष देते. नामदेव गाथेची एकच फाइल हजार ठिकाणी आढळली, तर हजार साक्षी मिळाल्या असे नव्हे. पहिल्यांदा टंकलिखित करणाऱ्याने 'विष्णुदास' गाळला असेल, तर तो हजारही ठिकाणी गळलेला असेल, आणि प्रतींची आपसांत तुलना करून ते कधीच उमगणार नाही. आमच्या पाहण्यात वर्गात असे घडते: तीन संकेतस्थळांवर एकच पाठ आहे, म्हणून तोच खरा, असे विद्यार्थी लिहितो.

पोथीच्या समाप्तीत पुष्कळदा शक, तिथी, स्थळ आणि लेखकाचे नाव असे. फाइलच्या साध्या नकलेत नव्या प्रतीवर बदलाची तारीख म्हणून नकलेच्या क्षणाचीच तारीख पडते; मूळची हवी असल्यास युनिक्सच्या त्या आज्ञेला तसे मुद्दाम सांगावे लागते. आणि मजकूर कोणत्या छापील आवृत्तीवरून, कोणी टंकलिखित केला, हे तर फाइलच्या आत कोणी लिहून ठेवले असेल तरच उरते.