मोटारगाड्यांचा इतिहास : संशोधन आणि जतन

एखादी मोटारगाडी कोणी, कधी आणि कुठे बनवली, ती कोणाकोणाच्या हातांतून गेली, वाटेत तिच्यात काय बदलले, याचा पुराव्यानिशी शोध घेणे आणि ती गाडी व तिचे कागद पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतील अशी तजवीज करणे, हे या विषयाचे क्षेत्र. अभियांत्रिकीचा इतिहास, कारखानदारीचा इतिहास आणि सामाजिक इतिहास या तिन्हींशी त्याचा संबंध येतो. मात्र त्याची सुरुवात विद्यापीठांत झाली नाही. हौशी मालक, जुने फिटर आणि त्यांचे क्लब यांनी ते उभे केले. त्यामुळे या क्षेत्रात चिकाटी अफाट दिसते आणि आपल्याच गाडीबद्दलचा भाबडेपणाही तितकाच.

शिस्तीची गरज पहिल्यांदा भासली ती शर्यतवजा सहलींमुळे. ब्रिटनमध्ये 1896 साली यांत्रिक वाहनांवरील जाचक निर्बंध उठले, वेगमर्यादा ताशी 14 मैलांपर्यंत वाढली आणि त्या आनंदात 14 नोव्हेंबरला मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन फेरी काढली. 1927 मध्ये तिची आठवण म्हणून ही फेरी पुन्हा सुरू झाली. आज तिच्यात 1905 पूर्वीच्या गाड्यांनाच प्रवेश मिळतो. अट आली की वाद आलाच. आपली गाडी 1906 ची नसून 1904 ची आहे, असे प्रत्येक मालकाला वाटू लागले. 1930 मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हेटरन कार क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन’ने गाडीचे साल ठरवून तसा दाखला देण्याची पद्धत रुळवली. कार्ब्युरेटर, ॲक्सल, रेडिएटर, इंजिनावरचा क्रमांक अशा एकेका भागावरून कालनिर्णय करण्याचे शास्त्र त्यातूनच वाढले. अमेरिकेत 1969 मध्ये ‘सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह हिस्टोरियन्स’ स्थापन झाली आणि लेखन-संशोधनाला स्वतंत्र व्यासपीठ मिळाले.

‘पहिली मोटार कोणाची’ हा प्रश्न या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत निसरडा. कार्ल बेन्झ यांनी 29 जानेवारी 1886 रोजी तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते पेटंट (क्र. 37435) 2011 मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदपटात समाविष्ट झाले. व्हिएन्नाचे संशोधक झीगफ्रीड मार्कुस यांची कथा मात्र कोशकारांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. त्यांची गाडी 1875 ची, म्हणजे बेन्झच्या आधीची, असे ऑस्ट्रियात अनेक दशके शिकवले जाई. मार्कुस ज्यू होते. 1940 मध्ये नाझी प्रचार मंत्रालयाने जर्मन ज्ञानकोशांच्या प्रकाशकांना कळवले, की मोटारीचे जनक म्हणून यापुढे मार्कुस यांचे नव्हे, तर डाइमलर आणि बेन्झ यांचे नाव द्यावे. त्यांचे स्मारकही हटवले गेले आणि युद्धानंतर ते पुन्हा उभे राहिले. पुढे संशोधकांनी कागदपत्रे तपासली तेव्हा व्हिएन्नाच्या तंत्रसंग्रहालयात असलेली ती गाडी 1888-89 च्या सुमाराची ठरली. म्हणजे आधीचा दावाही चुकीचा होता. अन्यायाने पुसलेली नोंद परत लिहिताना ती जशीच्या तशी लिहून चालत नाही, तीही तपासावीच लागते.

पुराव्याची साधने दोन जातींची असतात, कागद आणि धातू. कागदांत कारखान्याची उत्पादन-वही, विक्रीपत्र, बॉडी बनवणाऱ्याचे बिल, नोंदणीपुस्तक, विम्याची पावती, सुट्या भागांची यादी आणि छायाचित्रे येतात. रोल्स-रॉइसच्या बाबतीत प्रत्येक चासीचे स्वतंत्र कार्ड भरले जाई आणि ही कार्डे आज इंग्लंडमधील त्या गाड्यांच्या शौकिनांच्या क्लबकडे आहेत. त्या काळी कंपनी बहुधा इंजिनासह नुसती चासी विकत असे आणि वरची बॉडी हूपर, बार्कर यांसारखे कारागीर ग्राहकाच्या मागणीनुसार चढवत. एखाद्या संस्थानिकाने शिकारीसाठी जादा दिवे मागितले, की जनान्यासाठी पडद्यांची सोय सांगितली, हे अशा कागदांतूनच कळते.

धातूची साक्ष वाचायला नजर लागते. चासीवर ठोकलेला क्रमांक मूळचा असेल, तर अंकांची वळणे कारखान्याच्या ठशांशी जुळतात. कानस फिरवून नंतर ठोकलेला असेल, तर आजूबाजूचा पृष्ठभाग किंचित खोलगट लागतो. रंगाचा इतिहास काढायची जुनी रीत साधी आहे. दाराच्या आतल्या कडेला, जिथे कोणाचे लक्ष जात नाही, तिथे बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने गोल फिरवायचा. एकाखाली एक रंगांची वलये उघडी पडतात. सर्वांत आतले प्रायमरचे, त्यावरचे कारखान्याचे आणि बाहेरची नंतरच्या मालकांच्या लहरींची. फोटोत गाडी काळी आणि वलयात मूळ रंग हिरवा निघाला, तर फोटो आधीचा की रंग नंतरचा, हा पुढचा शोध सुरू होतो.

गाडीचे भाग बदलतच जातात, तेव्हा तीच गाडी कुठवर ‘तीच’ राहते, हा प्रश्न 1990 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात गेला. ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटले गाडीने 1929 आणि 1930 ची ल मान्स शर्यत जिंकली होती. नंतर तिचे इंजिन बदलले, बॉडी बदलली, 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या अपघातात तिचा चालक गेला आणि गाडी पुन्हा नव्या रूपात बांधली गेली. एक कोटी पौंडांना ठरलेला सौदा खरेदीदाराने, ही ती गाडीच नव्हे, असे म्हणून नाकारला. शर्यत जिंकणाऱ्या गाडीचे फारच थोडे भाग उरले असले, तरी तिचा इतिहास कुठेही तुटलेला नाही आणि त्या नावावर दुसऱ्या कोणत्याही गाडीचा दावा नाही, म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’च, असा निकाल लागला. कागदांची अखंड साखळी लोखंडापेक्षा वजनदार ठरू शकते, हे बाजाराला तेव्हा नीट कळले.

जतनाच्या पद्धतींबद्दल दोन मते आहेत. जुन्या पठडीत गाडी पूर्ण सुटी करून, पत्रा घासून, नवा रंग आणि नवे कातडे चढवून ती शोरूममधल्यापेक्षाही लखलखीत करतात. प्रदर्शनात बक्षीस अशाच गाडीला मिळते, म्हणून ही पद्धत टिकून आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तिने पुराव्याचा जितका नाश केला, तितका गंजानेही केला नसेल. दुसरे मत असे, की जे शाबूत आहे त्याला हात लावू नये, जे ढासळते आहे ते थांबवावे आणि जे नवे घातले ते ओळखू यावे, नोंदले जावे आणि शक्यतो परत काढता यावे. जुन्या वाहनांच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ (स्थापना 1966) हिने स्वीकारलेल्या ‘ट्युरिन सनदे’त हेच तत्त्व आहे. वास्तुवारशासाठी 1964 मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेवरून ते घेतले आहे. फिवाच्या व्याख्येनुसार किमान 30 वर्षांची, इतिहासाला धरून जपलेली आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी न वापरली जाणारी गाडी ऐतिहासिक मानली जाते.

प्रत्यक्ष देखभालीत हवामानाचा वाटा मोठा. मुंबई-कोकणात पावसाळ्यातली दमट हवा पत्र्याच्या सांध्यांत शिरते आणि वरून ताडपत्री घट्ट बांधली तर ओल आत कोंडते. त्यापेक्षा हवा खेळती असलेली साधी शेड बरी. 1930 च्या दशकापर्यंतच्या अनेक गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो आणि त्याला वाळवी लागते. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर ती घोड्यांवर चढवून टायरांवरचा भार काढतात. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते, म्हणून ते ठरावीक मुदतीने बदलावे लागते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुने रबरी पाइप आणि वॉशर खराब होतात, ही अलीकडची डोकेदुखी.

भारतात या विषयाची सुरुवात संस्थानिकांच्या गॅरेजांतून झाली. तनखे बंद झाल्यावर (1971) आणि त्याआधीही कितीतरी गाड्या मातीमोल भावाने विकल्या गेल्या आणि परदेशी संग्राहकांनी त्या उचलल्या. कोलकात्यात फिरलेली हंसाच्या आकाराची ‘स्वान कार’ (1910) नाभाच्या महाराजांकडे गेली होती, ती आज नेदरलँड्समधील लौमन संग्रहालयात आहे. पुढे सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध घातले. देशात राहिलेल्यांपैकी मोठा साठा प्राणलाल भोगीलाल यांनी अहमदाबादजवळ कठवाडा येथे जमवला. हरियाणातील तावडू, कोइमतूर आणि उदयपूर येथेही संग्रहालये आहेत. दिल्लीत ‘द स्टेट्समन’ दैनिकाची जुन्या गाड्यांची फेरी 1964 पासून निघते. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक बाहेर पडते. काचेआड उभी न राहता वर्षातून एकदा ठरलेल्या कामासाठी रस्त्यावर येणारी अशी गाडी दुर्मीळच.

राजांच्या गाड्या टिकल्या, सामान्यांच्या मात्र भंगारात गेल्या, हे भारतीय जतनाचे मोठे वैगुण्य. मुंबईचेच पाहा. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली आणि देशी उत्पादनाची सक्ती येताच 1954 मध्ये कारखाना बंद केला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग फियाट आली आणि 1970 च्या दशकात तीच ‘पद्मिनी’ झाली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी : स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढची सलग सीट, टपावरचे कॅरिअर, बाहेर डावीकडे बसवलेले लोखंडी मीटर. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. पद्मिनीचा इतिहास लिहायचा तर फिटरांच्या आठवणी आणि सुट्या भागांच्या दुकानदारांच्या वह्याही गोळा कराव्या लागतील. हे काम वेळेत करायला हवे.

इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी बनवलेली छोटी ‘मीरा’ हे याहून हळवे उदाहरण. सामान्य माणसाला परवडेल अशी देशी मोटार काढण्याच्या जिद्दीने त्यांनी एकामागून एक नमुने तयार केले, पण गाडी नमुन्यापुढे गेली नाही. कारखाना निघाला नाही, म्हणून उत्पादन-वही नाही, विक्रीपत्रे नाहीत. अशा गाडीबाबत जुने फोटो, घरातले कागद आणि तोंडी माहिती हाच पुरावा, आणि तो संस्थेच्या दफ्तरात आपोआप जात नाही. घोषणांच्या इतिहासात मारुतीला पानेच्या पाने मिळतात, मीराला बहुधा तळटीप.

कायद्याने 2021 मध्ये पहिल्यांदा या गाड्यांची दखल घेतली. केंद्रीय मोटारवाहन नियमांतील दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असते आणि ती नेहमीच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. अडचण मधल्या गाड्यांची आहे. महाराष्ट्रात 15 वर्षांनंतर खासगी गाडीची फेरनोंदणी आणि पर्यावरण कर चुकत नाही, आणि दिल्ली परिसरात 15 वर्षांवरील पेट्रोल व 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांवरील बंदीवर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले होते. विसाव्या वर्षी भंगारात गेलेली गाडी पन्नाशी गाठणार कशी, याचे उत्तर नियमांत नाही.

पहिली मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये ग्राहकाच्या हाती गेली. फिवाच्या निकषाने ती केव्हाच ऐतिहासिक वयाची झाली, भारतीय नियमाने ती 2033 मध्ये होईल. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मारुत्यांचे सुटे भाग अजून गल्लीतल्या गॅरेजातही बनवून घेता येतात. नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत मात्र इंजिनाचा कारभार एका छोट्या कंट्रोल युनिटकडे असतो. त्याची चिप बिघडली तर कानस आणि वेल्डिंग कामाचे नाही, आणि तिच्यातली आज्ञावली कंपन्या सहसा बाहेर देत नाहीत. त्यामुळे चासीच्या कार्डाबरोबर आता आज्ञावलीची प्रतही संग्रहात ठेवावी, अशी मागणी पुढे येऊ लागली आहे.